झरोक्याचं झाकण विकत मिळतं, काठ नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीवर लेख आला होता. पन्हाळी, खिडक्या, भिंतींची ओल यांवर भरभरून लिहून झाल्यावर गच्चीवरच्या झरोक्याला शेवटी दोन ओळी मिळाल्या: काच तडकली असेल तर बदलावी आणि कडेने सिलिकॉन मारून घ्यावं. हा सल्ला मी लेख येण्याच्या कितीतरी आधी तीनदा पाळलेला आहे आणि तिन्ही वेळा घरात पाणी आलं. म्हणून त्या दोन ओळींना माझ्याकडून ही पुरवणी. पत्र लांबणार आहे. कापायचं झालं तर माझी रडगाणी कापा, मापं तेवढी ठेवा.

मी इंजिनिअर नाही. छत्तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं आणि अजूनही घरी ब्लाउज, परकर, सुनेच्या मैत्रिणींचे कुर्ते असं काहीबाही शिवते. माझं मशीन आमच्या मधल्या खोलीत, झरोक्याच्या बरोबर खाली आहे. ट्यूबलाइटमध्ये मोरपंखी आणि गडद हिरवा दोरा एकसारखे दिसतात, आणि मग गिऱ्हाईक अंगणात जाऊन ब्लाउज उन्हात धरतं आणि तोंड वाकडं करतं. काळ्यावर काळं उसवायचं असेल तर वरून येणाऱ्या उजेडाला पर्याय नाही. त्यामुळे "बुजवून टाका ते भोक आणि एलईडी लावा" असं सांगणाऱ्यांना मी चहा देते, पण त्यांचं ऐकत नाही.

आमचं घर पुण्याच्या सहकारनगरातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा सासरची मंडळी नारायण पेठेत भाड्याने राहत होती. पाणी ओसरल्यावर तिथे परतण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढे मामंजींनी इकडे बैठं कौलारू घर बांधलं. कौलारू घरात उजेडाचा प्रश्न सोपा असतो: दोन कौलं काढायची, तिथे काचेची कौलं सरकवायची. फुटलं तर दुसरं आणायचं. १९७४ साली कौलं जाऊन स्लॅब आला, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनीही भिंतीला भिंत लावून वर चढवलं, आणि मधली खोली आंधळी झाली. तेव्हा मामंजींनी स्लॅबमध्ये भोक ठेवून त्याभोवती विटांचा उभा काठ बांधून घेतला आणि वर जाळीची काच बसवली. सासूबाई त्याला सानं म्हणायच्या. त्यांचं माहेर मराठवाड्यातलं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. माळवदाच्या सान्यावर पाऊस आला की पाटी किंवा फरशी ओढायची, उघडीप झाली की सरकवायची. गळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते बंद आहे असा कुणाचा दावाच नव्हता.

जाळीची काच वीसेक वर्षं टिकली. तिच्या पोटात तारेची जाळी असते. कापलेल्या कडांवर ती तार उघडी पडते, ओलीने गंजते, फुगते आणि काचेला कडेकडेने चिरा पडत जातात. १९९४ साली ती काढली. तेव्हा दुकानदाराने फायबरचा पत्रा गळ्यात मारला. पाचसहा वर्षांत तो शिळ्या बासुंदीच्या रंगाचा झाला आणि माझे पांढरे कपडे कायम पिवळ्या उजेडात. तरी तो चौदा वर्षं काढला, त्यात निम्मी वर्षं खाली तसराळं ठेवून.

२००८ साली पॉलिकार्बोनेटचा पत्रा आणला, प्लास्टिकचा, आतून नळ्यानळ्यांचा असतो तो. त्याची कहाणी जरा सविस्तर सांगते, कारण आजही तो घराघरांत तसाच चुकीचा बसतो. या पत्र्याच्या बहुतेक करून एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो. ती बाजू वर यायला हवी म्हणून तिच्यावर छापील फिल्म चिकटवलेली असते. आमच्या बसवणाऱ्या पोराने खालीच दोन्ही बाजूंची फिल्म सोलून टाकली, पत्रा हलका पडावा म्हणून की काय कोण जाणे, आणि वर नेऊन हाताला येईल तसा टाकला. नळ्यांची तोंडं उघडी ठेवली. पहिल्या पावसाळ्यानंतर नळ्यांत शेवाळं धरलं, दुसऱ्यानंतर मुंग्यांनी अंडी घातली. खालून वर पाहिलं की मुंग्यांची मिरवणूक काचेच्या बोगद्यांतून चाललेली. पुढे कळलं की नळ्या उताराच्या दिशेने ठेवायच्या, वरची तोंडं ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद करायची आणि खालच्या तोंडांना हवा जाईल पण किडामुंगी जाणार नाही अशी पट्टी लावायची असते. आणि सिलिकॉन! लावताना घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला होता. तो आंबट वासाचा सिलिकॉन काचेला चालतो, पॉलिकार्बोनेटला नाही. त्याला 'न्यूट्रल' असं छापलेली नळी लागते. बोहरी आळीत दोन्ही शेजारीशेजारी टांगलेल्या असतात, मागाल ती देतात. काय मागायचं ते आपल्याला माहीत पाहिजे.

शिवाय हा पत्रा उन्हात वाढतो. चार फुटांच्या पत्र्याला पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापलेल्या गच्चीपर्यंत सहज तीन मिलिमीटरचा फरक पडतो. आमच्या पोराने स्क्रू आवळून जाम केले होते. मी पाहत होते आणि मनात म्हणत होते, अरे, ब्लाउजात ठेवतो तशी ढिलाई ठेव, माणूस श्वास घेतो. पण गच्चीवरच्या कामात शिवणबाईने बोलायचं नसतं, म्हणून गप्प बसले. स्क्रूच्या भोकांपासून तडे गेले.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या भागातल्या कुणी विसरायचं नाही. आंबिल ओढा वस्त्यांत घुसला. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नाही, पण वरून आलं. रात्री अकराला मी आणि हे, मशीनचं डोकं उचलून पलंगावर ठेवत होतो. ज्यांची घरं त्या रात्री वाहिली त्यांच्यापुढे हे सांगायचीही लाज वाटते. तरी २०२० मध्ये तो पत्रा उतरवून टफन्ड, म्हणजे भाजून कणखर केलेली काच आणली. नवी फ्रेम, नवा सिलिकॉन, सगळं चकचकीत. जुलैत भिंत पुन्हा ओली.

मधेच एक फसवा थेंबही येऊन गेला, तोही सांगते. त्याच डिसेंबरात, आभाळ निरभ्र असताना, सकाळी सातला कापडावर टप्पकन पाणी. माझा धीरच सुटला. नंतर लक्षात आलं की रात्री स्वयंपाकघरातली वाफ आणि माझ्या इस्त्रीची वाफ वर चढते, काच गार पडलेली असते, आणि दव धरतं. वाटीत बर्फ घेतल्यावर वाटीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. फडक्याने काच पुसली, संध्याकाळी एक खिडकी किलकिली ठेवली, थेंब बंद. थंडीत असं झालं तर मिस्त्रीला बोलावू नका. तो येईल, आणि सिलिकॉन मारून जाईल.

चौथ्यांदा झाकण बदलायचं २०२५ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. मृगाच्या आत म्हणजे पुष्कळ वेळ आहे, असा हिशोब. त्या वर्षी मॉन्सून २६ मेलाच पुण्यात दाखल झाला आणि त्याआधीही वळवाने झोडपलं होतंच. काम राहिलं. आता वाटतं राहिलं ते बरंच झालं, नाहीतर चौथी काच वाया गेली असती.

झालं असं की दिवाळीत माझी भाची आली होती. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मुलगी, साइटवर काम करते. मी तिला काचांचे दर विचारत होते. ती फराळाची बशी हातात घेऊन गच्चीवर गेली, झरोक्यापाशी उकिडवी बसली आणि तिथूनच ओरडली, "मावशी, काचेचं सोड. टेप आण आधी."

काठ अडीच इंच होता. तयार गच्चीच्या पातळीपासून झरोक्याचा काठ किमान १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच तरी वर पाहिजे, म्हणजे जोराच्या पावसात साचलेलं आणि उडालेलं पाणी कडेवरून आत जात नाही. मी म्हटलं, पहिल्यापासूनच एवढासा असेल. त्यावर यांनी आतून अल्बम आणला. १९८३ चा फोटो: आमचे चिरंजीव, वय वर्षं तीन, त्याच काठावर बसलेत, हातात भाकरीचा तुकडा, आणि पाय अधांतरी. जमिनीला टेकत नाहीत. अडीच इंचांच्या काठावर कुणाचे पाय अधांतरी राहतील? काठ तेव्हा फूटभर होता. तो खचला नव्हता. गच्चीच वर चढली होती.

१९९१ साली गळती लागली म्हणून ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा केला होता. २००८ साली पुन्हा गळती, म्हणून जुना कोबा तसाच ठेवून त्यावर दुसरा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. प्रत्येक वेळी चार-पाच इंच. दोन्ही वेळा काम करणाऱ्यांनी झरोक्याच्या काठापर्यंत व्यवस्थित आणून भिडवलं आणि आम्ही, नवी गच्ची किती छान दिसते, म्हणून त्यांना पेढे दिले. सव्वानऊ-साडेनऊ इंचांचं ओझं स्लॅबच्या डोक्यावर, चौरस मीटरला चारशे किलोहून जास्त, असं भाचीने मोबाइलवर गुणाकार करून दाखवलं तेव्हा यांनी अल्बम मिटला.

तरी माझी खात्री पटेना. इतकी वर्षं काचेलाच शिव्या दिलेल्या. मग आम्ही परीक्षा घेतली, आणि माझी विनंती आहे की काचेला पैसे देण्याआधी प्रत्येकाने ती घ्यावी, कारण तिला खर्च नाही. खाली मशीन हलवून पांढरं मांजरपाट अंथरलं. पहिल्या दिवशी फक्त काचेवर आणि फ्रेमवर अर्धा तास नळी धरली. खाली थेंब नाही. दुसऱ्या दिवशी काठाभोवती, झाडाला करतो तसं, मातीचं आळं केलं आणि त्यात दीड इंच पाणी सोडलं. त्यात कपड्यांची नीळ मिसळली. सगळ्या गच्चीवर पाणी तुंबवलं नाही, जुना स्लॅब आहे. सकाळी दहाला पाणी भरलं. साडेबाराला मांजरपाटावर पहिला ठिपका पडला आणि कापडात हळूहळू पसरला. मधे पांढुरका, कडेला निळसर. मी तो कापडाचा तुकडा कापून ठेवलाय. काच कोरडी ठणठणीत होती. पाणी काठ आणि कोबा यांच्या सांध्यातून काठाच्या विटांत शिरत होतं आणि काचेच्या खालून आत येत होतं. म्हणजे मी १९९४ पासून टोपी बदलत होते आणि भोक गळ्यापाशी होतं.

२००८ च्या कामाचा हमीचा कागद शोधून काढला. दहा वर्षांची हमी, गोल शिक्का, सही. तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं की झरोका, पाइप आणि पॅरापेटचे (गच्चीच्या कठड्याचे) सांधे वगळून. आता गच्ची गळते कुठून? मधल्या सपाट भागातून फारशी नाहीच, ती गळते या तीन ठिकाणांहूनच. म्हणजे सदऱ्याला हमी आणि शिवणी वगळून.

तर आमच्या घरात काठ वाढवायचा नव्हता, गच्ची उतरवायची होती. महिनाभर ब्रेकरचा आवाज, मशीनवर धूळ, शेजारच्या वहिनींचा अबोला. राड्यारोड्याचे टेम्पो किती गेले ते मी मोजायचं सोडून दिलं. पण तिसऱ्या आठवड्यात काठाच्या पायाशी १९७४ चा मूळ कोबा उघडा झाला आणि त्या गवंड्याने काठाला लागून केलेला वाटा दिसला, म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथली गोलाई. पन्नास वर्षं गाडलेला होता आणि बोट फिरवलं तर ताटाच्या काठासारखा गुळगुळीत. आमचे मिस्त्रीही दोन मिनिटं नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "काकू, हा आपण ठेवू." त्यावरूनच नवं वॉटरप्रूफिंग काठावर चढवलं, काठाच्या माथ्यावरून वळवून आतल्या बाजूला आणलं, आणि मग त्यावर फ्रेम. नवा थर पातळ आहे, तरी काठ आता साडेनऊ इंच वर दिसतो.

आता काचेची खरेदी. टिंबर मार्केटच्या भागात आणि आसपास मी पाच दुकानं फिरले. पाचांपैकी चौघांनी एकच प्रश्न विचारला: "किती बाय किती?" आतलं माप की बाहेरचं, हे फक्त एकाने विचारलं. फरक केवढा, तर आमच्या काठाच्या भिंतीची जाडी दोन्हीकडे धरून नऊ इंच. २०२० मध्ये याच गोंधळात एक टफन्ड काच अर्धा इंच मोठी आली होती. मी म्हटलं, घासून द्या. दुकानदार हसला. टफन्ड काच एकदा भाजून तयार झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, घासून बसवता येत नाही. छेडली की संपूर्ण काचेचा चुरा. ती काच त्यांच्याच दुकानात राहिली आणि माझे पैसेही.

म्हणून या वेळी मी माझ्या पद्धतीने माप घेतलं. खाकी कागद काठाच्या माथ्यावर पसरला, बाहेरची कड बोटाने दाबून घडी पाडली, आतली कडही पाडली, आणि पॅटर्न कापला. कापडी टेप वापरला नाही, तो वापराने ताणतो, मुलींना पहिल्या तासाला हेच सांगत आले. पोलादी टेपने बाहेरून चार बाजू भरल्या: तीन फूट आणि चार फूट. बरोबर. मग कर्ण. तीन-चारच्या चौकटीचा कर्ण नेमका पाच फूट यायला हवा, सगळे गवंडी याच हिशोबाने गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे की नाही ते बघतात. आमचा एक कर्ण पाच फूट अर्धा इंच आणि दुसरा चार फूट साडेअकरा इंच. काठ तिरका! पन्नास वर्षं बाजू मोजल्या, कर्ण कुणी मोजला नाही. काटकोनातली काच त्या तिरक्या काठावर एका कोपऱ्यात आत आणि शेजारच्या कोपऱ्यात बाहेर राहत होती, आणि ती उणीव प्रत्येक वेळी सिलिकॉनने भरली जायची. शिवणकामाच्या भाषेत सिलिकॉन हा कच्चा टाका आहे. कच्च्या टाक्यावर सदरा घालून बाहेर पडत नाहीत.

ज्याने आत-बाहेर विचारलं होतं त्याच्याकडेच पॅटर्न घेऊन गेले. त्याने तो टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि म्हणाला, "आजी, असं माप आजपर्यंत कुणी आणलं नाही." खुशामत असेल, पण आवडली. बाकी चौघांनी "टफन्ड घ्या, एकदम सेफ" एवढंच म्हटलं होतं. टफन्ड सेफ आहे, दाराला. डोक्यावरच्या काचेचं गणित वेगळं. मोटारीकडे पाहा. बाजूची काच टफन्ड असते, फुटली की खडीसाखरेसारखा सडा पडतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, तिचं कोळ्याचं जाळं होतं पण ती जागेवर राहते, कारण दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिवट थर असतो. मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत असताना वरून काय व्हावं, हे ज्याने त्याने ठरवावं. टफन्ड काच तर कधीकधी कुणी हात न लावताही फुटते, काचेत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे. म्हणून आम्ही सहा-सहा मिलिमीटरच्या दोन टफन्ड काचा पीव्हीबीने जोडलेली घेतली. कोपऱ्यात आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक आहे की नाही ते भिंगाने पाहिलं. काच मिलिमीटरला आणि चौरस मीटरला अडीच किलो भरते. आमची कडांसकट सदतीस किलोच्या आसपास झाली. जिन्यातून ती वर जाईपर्यंत मी देवापाशी बसले होते.

या पीव्हीबीचा मला एक फायदा असा मिळाला की तो अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडवतो. पूर्वी गिऱ्हाइकांचं कापड झरोक्याखाली चार दिवस घडी घालून पडलं तर घडीच्या रेघेवर रंग उडायचा आणि बोलणी मला खावी लागायची.

काच सपाट ठेवायची नाही. तीन फुटांत तीन इंच उतार दिला, जवळजवळ पाच अंश होतात. सपाट काचेवर पाणी, धूळ आणि कबुतरांचा प्रसाद यांची खीर साठते. फ्रेमची ॲल्युमिनियमची पट्टी काठावरून बाहेरच्या अंगाने खाली चार इंच लोंबते, साडीच्या फॉलसारखी, आणि खालची कड किंचित बाहेर मुडपलेली आहे, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता सुटून पडतो. वरचं नेहमी खालच्यावर. कौलांत होतं, साडीच्या निऱ्यांत असतं, तेच इथे. सिलिकॉन आहे, पण तो निघाला तरी पाणी आत जाणार नाही अशी बांधणी आहे. काचेपेक्षा काठाला आणि गच्चीला कितीतरी पट खर्च आला, हे झाकून ठेवत नाही.

उन्हाचं म्हणाल तर पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, दुपारी साडेबारा ते पाऊणच्या सुमारास, सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात उजेडाचा चौकोन तिरका न होता बरोबर माझ्या मशीनवर येऊन बसतो आणि कात्री हातात धरवत नाही. आतून पडदा लावून फारसा उपयोग होत नाही, ऊन काचेतून आत आलं की आलं. एप्रिल लागला की गच्चीवर काचेच्या फूटभर वर रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणायची आणि पहिला वळीव पडला की गुंडाळून ठेवायची. उजेड थोडा हिरवट होतो, तेवढे दोन महिने दोऱ्यांचे रंग अंगणात जाऊन बघते.

आणखी एक. झरोक्यावर पाय देऊ नका, देऊ देऊ नका. संक्रांतीत शेजारचा मुलगा वर बघत पतंगामागे धावत आला होता आणि जुन्या फायबरच्या पत्र्यापासून दोन पावलांवर थांबला. त्याच आठवड्यात खालून गजांची जाळी बसवून घेतली. ती चोरासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं.

संपादक महाराज, माझं मागणं दोघांकडे आहे. आपल्याकडे हे, की पुढच्या वर्षीच्या लेखात "काच बदला" या शब्दांच्या आधी "काठ मोजा" एवढे दोन शब्द घाला. आणि काच विकणाऱ्यांकडे हे, की पावतीवर आतलं माप, बाहेरचं माप, दोन्ही कर्ण, काचेचा प्रकार आणि जाडी लिहून द्या. ग्राहक पंचायत १९७४ साली ज्या पुण्यात जन्मली, त्या पुण्यात अजून पक्की पावती मागितली की "काकू, घरातलंच काम आहे" असं ऐकावं लागतं. घरातलंच आहे म्हणून तर मागते.

आमच्या झरोक्याची खरी परीक्षा जूनमध्ये आहे. तूर्त काठाभोवती पुन्हा आळं करून तीन दिवस निळीचं पाणी भरून ठेवलं होतं. मांजरपाट पांढरं राहिलं. त्याच कापडाचा आता परकर बेतलाय.

आपली नम्र,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
सहकारनगर, पुणे

ता. क. नाव छापू नये. पाचांपैकी दोन दुकानदारांच्या घरचे ब्लाउज माझ्याकडेच येतात.